जोडीची यादी

त्या रुग्णालयात एक नियम होता. कोविड वॉर्डात जाणाऱ्याने पीपीई किट चढवलं की दारापाशी थांबायचं. जोडीदाराने मास्कची दोन्ही इलॅस्टिक, टोपीची कड, गॉगल आणि हातमोज्यांची मनगटं तपासायची, पाठीवर मार्करने नाव लिहायचं आणि मग ‘जा’ म्हणायचं. जोडीदार आलेला नसेल तर थांबायचं. आतून कुणी हाका मारत असलं तरी थांबायचं.

नियम इन्चार्ज सिस्टरांनी केला होता आणि सुरुवातीला तो सगळ्यांनाच जाचक वाटला. आत माणसाला श्वास पुरत नाही आणि आपण दारात उभं राहून पाठीवर नाव लिहून घेतोय, हे कोणाच्या मनाला पटेल? सिस्टर एकच उत्तर द्यायच्या, “आज तुम्ही घाईने आत गेलात आणि उद्या तापाने पडलात, तर परवा त्याच्याजवळ कोण जाणार?” वाद तिथेच संपायचा.

गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं. उपजिल्हा रुग्णालय ५० खाटांचं. माणसं आणि प्रसंग गोष्टीसाठी रचलेले आहेत, पण एप्रिल २०२१ हा महिना मात्र महाराष्ट्रात कोणाला नव्याने सांगावा लागणार नाही. राज्यात दिवसाला ६० हजारांच्या वर नवे रुग्ण सापडत होते. खाटा भरल्या, मग खाटांच्या मधल्या जागेत गाद्या पडल्या. रेमडेसिविरसाठी नातेवाईक जिल्ह्याच्या गावी रांगा लावून बसले होते. जंबो सिलिंडरची गाडी कधी येईल याचा भरवसा नव्हता. बाहेर ऊन चाळिशीच्या पुढे आणि किटच्या आत त्याहून जास्त. सहा तास पाणी नाही, लघवीला जाता येत नाही. ड्युटीच्या आधी दोन-दोन तास सिस्टर लोक पाणी बंद करत. काही जणी डायपर लावत आणि ते कोणाला सांगत नसत.

अशा दिवसांत इन्चार्ज सिस्टर रोज संध्याकाळी वही घेऊन बसत आणि उद्याच्या जोड्या लावत. ड्युटीची यादी कोणीही करतं. किती माणसं, किती पाळ्या, एवढाच तो हिशेब. सिस्टरांची यादी वेगळी होती. नवीन लागलेल्या कंत्राटी मुलीला त्या जुन्या हाताच्या सिस्टरशी जोडत. ज्या ब्रदरचे वडील आठवड्यापूर्वी गेले होते, त्याला त्यांनी घरी लहान मूल असलेल्या सिस्टरबरोबर टाकलं, कारण ती बाळाबद्दल बोलत राहायची आणि त्याला काही बोलावं लागत नसे. नुकतंच दुःख झालेली दोन माणसं त्यांनी कधी एकत्र आणली नाहीत. एकाच गावची दोन माणसं मात्र आवर्जून आणली. जोडीदारांना त्यांनी तीन प्रश्न नेमून दिले होते. आत जाताना, ‘इलॅस्टिक बघितलं का?’ बाहेर आल्यावर, ‘पाणी प्यालीस का?’ आणि घरी निघताना, ‘घरी बोललीस का?’ चौथा प्रश्न विचारायचा नाही. ‘कसं वाटतंय’ हे तर मुळीच नाही. ज्याला सांगायचं असेल तो पाणी पिता पिता सांगेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांनी हे कोणत्या प्रशिक्षणात शिकलेलं नव्हतं. नंतर कळलं, की जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच असा सल्ला दिला होता: अनुभवी माणसाची नवख्याशी जोडी लावा, म्हणजे आधार मिळतो, ताण लवकर लक्षात येतो आणि सुरक्षेचे नियमही पाळले जातात. सिस्टरांना तो कागद दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, “बरं झालं, आता साहेब नाही म्हणणार नाहीत.”

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातला एक तरुण समुपदेशक मधल्या काळात येऊन गेला होता. त्याने ड्युटी रूमच्या भिंतीवर आपला नंबर लावला. रात्री-अपरात्री केव्हाही फोन करा, म्हणाला. महिना झाला तरी एकाचाही फोन गेला नाही. त्याला वाईट वाटलं, पण रागावून तो बसला नाही. पुन्हा आला आणि इन्चार्ज सिस्टरांना विचारलं, “माझं काय चुकतंय?”

“तुम्ही कोणाला विचारलंत का, काय हवंय ते?”

तेव्हा त्याला आपण वाचलेली चीनमधली एक हकीकत आठवली आणि त्याने ती सिस्टरांना सांगितली. ती हकीकत खरी आहे. हुनान प्रांतातल्या चांगशा शहरात सेकंड शियांग्या नावाचं मोठं रुग्णालय आहे. २०२० च्या सुरुवातीला तिथल्या व्यवस्थापनाने आपल्या डॉक्टर-नर्सेससाठी मानसिक आधाराची मोठी तयारी केली. तज्ज्ञांचं पथक नेमलं, फोनची सोय केली, ताण हलका करण्यासाठी गटाचे कार्यक्रम आखले. कर्मचारी तिकडे फिरकेनात. नर्सेस चिडलेल्या, विश्रांती घ्यायलाही तयार नसलेल्या, तरी म्हणायच्या, आम्हाला काही झालेलं नाही. मग कोणाला तरी त्यांना बसवून विचारायची बुद्धी झाली. उत्तरं साधी होती. स्वतःला लागण होईल ही भीती त्यांना पहिली नव्हती. आपण रोग घरी नेऊ ही होती. सहकार्य न करणाऱ्या रुग्णाशी कसं वागावं ते कळत नव्हतं. मास्क आणि किट पुरतील का, याची धास्ती होती. आणि बऱ्याच जणांनी स्पष्ट सांगितलं की मानसतज्ज्ञ नको, मध्येच कोणी उठवणार नाही अशी झोप हवी. रुग्णालयाने मग निजायला जागा दिली, जेवणाची व्यवस्था केली, घरच्यांची काळजी कमी व्हावी म्हणून कामाचं चित्रीकरण करून त्यांना पाठवायला मदत केली. आणि समुपदेशक? ते त्या विश्रांतीच्या जागी येऊन बसू लागले, कोणी काही सांगितलं तर ऐकायला.

मला ही हकीकत फार मोलाची वाटते, कारण तिच्यात मदत करणाऱ्यांनी आपली मदत मागे घेऊन पुन्हा मांडली आहे. तेवढी नम्रता संस्थांना सहसा जमत नाही.

इकडे तालुक्याच्या रुग्णालयात क्षयरोग विभागाची मागची खोली रिकामी झाली. ऑफिसातला एक कूलर तिथे आला. चार लोखंडी खाटा, एक माठ आणि दाराला आतून कडी. दुपारचं जेवण हा प्रश्न होता, कारण खानावळी बंद होत्या आणि डबा देणाऱ्या बाईने ‘तुमचे डबे परत घ्यायची भीती वाटते’ असं सांगितलं होतं. एका आशाताईने तो सोडवला. स्वतः दिवसभर घरोघर तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन फिरणारी ती बाई. तिने आपल्या गावच्या बचत गटातल्या बायकांना गोळा केलं. ज्वारीच्या भाकऱ्या, पिठलं, ठेचा, कांदा, सगळं कागदात बांधून यायचं, म्हणजे भांडं परत द्यायला नको. समुपदेशक दर मंगळवारी येऊन त्या खोलीबाहेरच्या ओट्यावर बसू लागला. पहिल्या मंगळवारी त्याच्याशी कोणी बोललं नाही. दुसऱ्या मंगळवारी वडील गेलेला तो ब्रदर भाकरी घेऊन त्याच्या शेजारी बसला.

त्याच सुमारास धाकट्या कंत्राटी सिस्टरला घरमालकाने खोली सोडायला सांगितलं. एक वर्षापूर्वी, २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता त्याच आळीतल्या लोकांनी गच्चीवर येऊन थाळ्या वाजवल्या होत्या. त्या लोकांनी मनापासून वाजवल्या होत्या, याबद्दल मला शंका नाही. भीती मात्र मनापासून वाजवलेल्या थाळीलाही पुरून उरते. मुलीने वॉर्डात कोणाला सांगितलं नाही. निघताना जोडीदारिणीने नेहमीचा तिसरा प्रश्न विचारला, “घरी बोललीस का?” तेव्हा ती म्हणाली, “घर कोणतं?” त्या रात्री ती जोडीदारिणीच्या घरी गेली आणि पुढे पावसाळा संपेपर्यंत तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी अधीक्षक स्वतः त्या मालकाकडे जाऊन आले. आरोग्य कर्मचाऱ्यांना त्रास देणाऱ्यांविरुद्ध एप्रिल २०२० मध्ये अध्यादेश निघाला होता, १८९७ च्या साथरोग कायद्यात त्यासाठी दुरुस्ती केली होती, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी त्या वेळी कायदा काढला नाही. सामान मागून आणलं आणि अनामत परत घेतली.

आता इन्चार्ज सिस्टरांबद्दल.

यादीत सगळ्यांची जोडी होती, त्यांची नव्हती. संख्या विषम होती हे एक कारण. दुसरं कारण कोणी बोललं नाही, पण ते सगळ्यांना मान्य होतं: त्यांना जोडीची गरज नाही. सत्तावीस वर्षांची नोकरी. रात्री दोनला फोन केला तरी पहिल्या रिंगला उचलणार. ‘सिस्टर म्हणजे दगड आहेत’ असं डॉक्टरसुद्धा कौतुकाने म्हणत. २६ जानेवारीला तहसीलच्या मैदानावर त्यांना शाल-श्रीफळ देऊन ‘कोविड योद्धा’ म्हणून गौरवलं होतं. त्या मानाने त्यांना आनंद झाला, पण एक अडचणही झाली. योद्ध्याने रजेचा अर्ज कसा द्यायचा?

ड्युटी रूममध्ये सावित्रीबाई फुल्यांची तसबीर होती. १० मार्चला पुण्यतिथीला हार घालताना कोणी तरी भाषणात म्हणालं, प्लेगच्या दिवसांत सावित्रीबाई एकट्या लढल्या. सिस्टरांच्या मनात तो शब्द राहिला. मला इथे थोडं थांबून बोलायचं आहे. १८९७ मध्ये मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई निघाल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या, हे आपण मुलांना सांगतो आणि सांगायलाच हवं. पण त्या मुलाला त्या कुठे नेत होत्या? हडपसरजवळ ससाणे मळ्यात त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत याने उपचाराची जागा उभी केली होती. त्या जागेवर कोणी तरी पाणी भरत असेल, कोणी रांधत असेल, कोणी अंथरुणं धूत असेल. त्यांची नावं आपल्याकडे नाहीत म्हणून सावित्रीबाई एकट्या होत नाहीत. पाठीवरचं मूल आपल्याला दिसतं, मळ्यातली माणसं दिसत नाहीत, आणि मग आपण पुढच्या प्रत्येक बाईकडून एकटेपणाची अपेक्षा करू लागतो.

२१ एप्रिलला नाशिकच्या एका रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले, ही बातमी आली. त्यानंतर तालुक्याच्या या रुग्णालयात कोणाचंच लक्ष सिलिंडरच्या काट्यावरून हलेना. इन्चार्ज सिस्टर घरी जाईनाशा झाल्या. दिवसपाळी संपली की रात्रपाळीला ‘थोडा वेळ बघते’ म्हणून थांबत आणि सकाळी पुन्हा ओव्हर, म्हणजे पाळीचा ताबा, घ्यायला उभ्या.

त्यातल्याच एका रात्री नाकातून जोरात ऑक्सिजन देणारं एक यंत्र मोकळं झालं. गरज दोघांना होती. एक निवृत्त झेडपी मास्तर, अकरा नंबरच्या खाटेवर. आणि एक तिशीतली बाई, गादीवर. डॉक्टरांनी दोघांची कागदपत्रं पाहिली, सिस्टरांकडे पाहिलं. यंत्र बाईला लागलं. मास्तरांना पालथं झोपवून मास्कवर ठेवलं. मध्यरात्रीनंतर ते गेले.

किट काढून सिस्टर बाहेर आल्या. मास्तरांच्या मुलीला फोन करायचा होता. फोन हातात घेतला आणि ठेवला. मग त्यांच्या मनाने काय घेतलं कोणास ठाऊक, त्या उठल्या आणि नवीन किट चढवायला लागल्या. आत रात्रपाळीची माणसं पुरेशी होती. त्यांची गरज नव्हती. फोनपासून दूर जायला तेवढी एकच जागा होती.

किट चढवायच्या खोलीच्या दारात मावशी पोछा मारत होती. वॉर्डातल्या सफाईची ही मावशी ठेकेदाराकडची. पिवळ्या पिशव्या बांधणं, फरशी पुसणं, भांडी उचलणं हे तिचं काम. यादीत तिचं नाव नव्हतं, कारण यादी परिचारिकांची होती. पण रोज त्या दारात असल्यामुळे नियम तिला कोणापेक्षाही जास्त पाठ होता. तिने सिस्टरांकडे पाहिलं. मास्कचं वरचं इलॅस्टिक निसटून कानामागे लोंबत होतं.

“सिस्टर, तुमची जोडी कोन?”

“मला लागत नाही. सर बाजूला.”

मावशी सरली नाही. पोछ्याचा दांडा तिने आडवा धरला. “मंग आत जाऊ देनार न्हाई. नियम तुमीच केलाय.”

सिस्टर रागावल्या. सत्तावीस वर्षांत त्यांना कोणी असं अडवलेलं नव्हतं. “कोणाशी बोलतेयस कळतंय का?”

“कळतंय की. म्हनूनच अडवलं. दुसरं कोन अडवनार तुमाला?” मग तिने आवाज खाली आणला. “पानी कवा पेलाव?”

सिस्टरांना आठवेना. खरंच आठवेना. दुपारी की सकाळी? त्या तिथेच स्टुलावर बसल्या. मावशीने हात धुतले, माठातलं पाणी आणून दिलं, ते संपल्यावर आणखी दिलं. विचारलं काही नाही. बादली कडेला लावली आणि समोर जमिनीवर बसली.

बऱ्याच वेळाने सिस्टर म्हणाल्या, “यंत्र मी त्या बाईला लावलं.”

मावशीने ‘तुमचा काय दोष’ असं म्हटलं नाही. ते म्हणणं सोपं होतं, आणि सिस्टरांना ते पटलंही नसतं. ती म्हणाली, “डॉक्टर व्हते, तुमी व्हता. म्या बी तितंच व्हते, पिशवी बांदत. तिगांनी बगितलंय. एकटीनं ठरिवलं न्हाई तुमी.”

“त्यांच्या मुलीला फोन करायचाय.”

“करा. बसते मी.”

“काय सांगू?”

मग मावशीने जे सांगितलं ते केस पेपरवर कुठेच नव्हतं. मास्तर तिच्याशी बोलायचे. डॉक्टर-सिस्टर घाईत असतात, त्यांना कसं थांबवायचं, म्हणून खाटेखाली फरशी पुसणाऱ्या मावशीशी बोलायचे. आज सकाळीच म्हणाले होते: बियाण्यासाठी काढून ठेवलेलं सोयाबीन कोठीत आहे, पोरीला म्हणावं भाव चढलाय म्हणून कोणाला मोंढ्यावर नेऊ देऊ नको, पेरणीला बियाणं मिळायचं नाही. आणि चहा मागितला होता. मावशीने दिला होता, अर्धा प्यायले होते.

सिस्टरांनी फोन लावला. गेल्या कित्येक आठवड्यांत त्यांनी असे फोन इतके केले होते की वाक्यं ठरून गेली होती: आम्ही खूप प्रयत्न केले, यश आलं नाही. या वेळी ती वाक्यं झाल्यावर त्यांनी सोयाबीनचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग ती मुलगी रडता रडता म्हणाली, “चहा कोणी दिला होता?” सिस्टरांनी फोन मावशीकडे दिला.

पहाटे धाकट्या सिस्टरने खोलीची कडी आतून लावलेली पाहिली आणि कूलर चालू असल्याचा आवाज ऐकला. तिने दारावर कोणाला थाप मारू दिली नाही. इन्चार्ज सिस्टर दुपारपर्यंत झोपल्या. त्या वेळात वॉर्डात चार नवे रुग्ण आले, सिलिंडरची गाडी आली, एकाला घरी सोडलं. ओव्हर दिला गेला, घेतला गेला. सगळं त्यांच्याशिवाय झालं. उठल्यावर हे कळलं तेव्हा त्यांना आधी अपमान झाल्यासारखं वाटलं आणि मग फार हलकं वाटलं. अधीक्षकांनी तीन दिवसांची रजा लिहून दिली. त्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते: मास्तरांच्या केस पेपरवर यंत्राबद्दलचा निर्णय कारणांसह लिहून काढला आणि खाली डॉक्टरांची, सिस्टरांची आणि स्वतःची अशा तीन सह्या घेतल्या. यापुढे असा प्रसंग आला तर तिघांनी मिळून ठरवायचं आणि तिघांनी सही करायची, असं त्यांनी सांगितलं. अशा निर्णयाची जखम पुसली जात नाही, पण ती एकाच माणसाच्या घरी जायची राहते.

रजेवरून आल्यावर सिस्टरांनी यादी केली. पहिल्याच ओळीत स्वतःचं नाव लिहिलं आणि समोर मावशीचं.

यादी ऑफिसात टाइप होऊन यायची. लिपिकाने ती परत आणली. “सिस्टर, यांचं नाव आपल्या यादीत घेता येत नाही. त्या आस्थापनेवर नाहीत. ठेकेदाराची माणसं वेगळी.”

“वॉर्ड वेगळा आहे का त्यांचा?”

“तसं नाही, पण पद्धत नाही.”

सिस्टर लिपिकाशी भांडल्या नाहीत. तो नियमाचाच माणूस होता आणि त्यांना नियमाची माणसं आवडत. त्यांनी त्याला बसवलं. केंद्राची ५० लाखांची विमा योजना ३० मार्च २०२० पासून लागू झाली होती, तिच्यात कंत्राटी आणि बाहेरून घेतलेले कर्मचारीही येत होते, हे त्यालाही माहीत होतं. “उद्या हिला काही झालं,” सिस्टर म्हणाल्या, “तर ही कोविड वॉर्डात काम करत होती याचा कागद कोण देणार? आपणच ना? मग तो कागद कुठून काढणार, यादीत नाव नसेल तर?” लिपिकाने थोडा विचार केला. मग म्हणाला, “ठेकेदाराच्या सगळ्याच माणसांची वेगळी यादी करून जोडपत्र लावू. साहेबांची सही घेतो.” आणि त्याने ती संध्याकाळच्या आत केली, अकरा नावांची.

जोडी झाल्यावर पहिल्या दिवशी मावशीने सिस्टरांचं इलॅस्टिक तपासलं, पाठीवर नाव लिहिता येत नाही म्हणून फुली मारली आणि ‘जा’ म्हणाली. मग स्वतः पाठ फिरवून उभी राहिली. “आता माजं बगा.” सिस्टरांनी पाहिलं. मावशीच्या तोंडावर साधा तीन पदरी मास्क होता. ज्या फरशीवर सिस्टर एन-९५ घालून चालत होत्या, ती फरशी मावशी वाकून तीन पदरी मास्कमध्ये पुसत होती, आणि इतके महिने ते कोणाला दिसलं नव्हतं, कारण तिची पाठ तपासायला कोणी नेमलेलं नव्हतं. सिस्टर तशाच स्टोअरमध्ये गेल्या आणि औषधनिर्मात्याकडून सफाईच्या सगळ्या माणसांसाठी मास्क नावावर चढवून घेऊन आल्या. घरी निघताना तिसरा प्रश्न विचारला, “घरी बोललीस का?” मावशी म्हणाली, “काय बोलू? पगार फेब्रुवारीपास्नं न्हाई. पोरगं रोज तेच इचारतं.” ते निस्तरायला सिस्टरांना मे महिना लागला. अधीक्षकांच्या सहीची तीन पत्रं गेली, चौथ्या वेळी त्या स्वतः जिल्ह्याला गेल्या. मावशीची आणि बाकीच्या दहा जणांची थकबाकी आली.

जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा रुग्ण वाढले. या वेळी बहुतेकांची लस झाली होती, आजार बराच सौम्य होता, तरी वॉर्ड उघडावा लागला आणि नवीन मुली भरती झाल्या. इन्चार्ज सिस्टर संध्याकाळी वही घेऊन बसल्या. मावशी समोर बसली होती. वाचता येत नव्हतं, पण कोण कोणाशी बोलेनासं झालंय, कोण डबा तसाच परत नेतंय, कोण जिन्यात फोनवर रडतंय, हे तिला सगळं ठाऊक असायचं. सिस्टर नावं वाचत होत्या, ती मान हलवत होती. सातव्या जोडीला तिने हात वर केला.

“ह्या दोगींना एकत्र नका टाकू, सिस्टर. दोगी बी एकमेकीला धीर देत बसतेत, अन् दोगी बी जेवत न्हाईत.”

“मग?”

“थोरलीला त्या लातूरच्या पोरीसंगं टाका. लई खाती ती. अन् धाकटीला वार्डबॉय मामासंगं टाका, मामा कुनाला उपाशी सोडत न्हाई.”

सिस्टरांनी खोडरबर घेतला आणि सातवी, आठवी आणि नववी ओळ पुन्हा लिहायला घेतली.